लोंबतं टोक

कोइमतूरच्या पंपवाल्यांची एक खोड आहे. वर्षभर मशीनला शिव्या घालतील, अडलं तर लाथ घालतील, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, त्याच मशीनपुढे हात जोडून उभे राहतील. अवारमपाळयमच्या गल्लीतले शिवन्मलै गौंडर तर यात सगळ्यांच्या वरताण. नवमीला त्यांच्या कारखान्यात लेथपासून वजनकाट्यापर्यंत सगळं बंद करून पुसलं जायचं, आणि पुसायचं काम मालकाचं, कामगारांचं नाही. "वर्षभर तुमचा हात लागतो, एक दिवस माझा लागू द्या," असं म्हणत सत्तरी उलटलेले गौंडर ओलं फडकं आणि चंदनाची वाटी घेऊन एकेका मशीनपुढे वाकायचे, आणि कामगार चुरमुरे-डाळं चघळत मजेत बघत बसायचे. टिळा लावायचा मान फक्त अय्यांचा. अय्या म्हणजे गौंडरच, सगळा कारखाना त्यांना याच नावानं ओळखायचा. त्या वाटीला दुसऱ्या कुणाचं बोट लागलेलं त्यांना खपत नसे.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, चांगली वेळ बघून अय्या नव्या वर्षाचं पहिलं बिल स्वतःच्या हातानं काढायचे. पोळ्ळाचीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या नावे एक पंप. बिल छापून आलं की त्याच्या चारी कोपऱ्यांना हळद लागायची, मग गेट उघडायचं, मग आदल्या दिवसापासून भरून ठेवलेला ट्रक बाहेर पडायचा. बिल निघेपर्यंत कारखान्यात कुणी काडी इकडची तिकडे करायची नाही, असा रिवाज होता.

यंदा दसरा शुक्रवारी आला. साडेनऊ ते साडेदहा वेळ चांगली, साडेदहाला राहुकाळ लागणार. आणि नेमका या एका तासातच तेनमोळीचा जीव अडकला होता.

तेनमोळी म्हणजे कारखान्यातली कॉम्प्युटरवाली बाई. सगळी कॉम्प्युटरं, त्यांच्या वायरी, प्रिंटर, कॅमेरे आणि हिशेबखात्यामागच्या कोठीत ठेवलेला सर्व्हर, हे सगळं तिच्या गळ्यात. बाहेरच्या एजन्सीचा एक पोरगा मदतीला असायचा, तो सणाचा पळणीला देवदर्शनाला गेलेला. तेव्हा पहिलं बिल बाहेर पडेपर्यंत तिला हलता येणार नव्हतं, हे तिलाही कळत होतं. पण त्याच तासात तिच्या लेकीचं, याळिनीचं, पहिलं अक्षर होतं. देवळात ताटात तांदूळ पसरतात, मुलाला मांडीवर घेतात, त्याचं बोट धरून त्या तांदळात 'अ' काढून घेतात. दसऱ्याला असं सुरू केलेलं शिक्षण अडत नाही म्हणतात.

याळिनी तीन वर्षांची होती आणि तिचं आईबद्दलचं मत काही फार चांगलं नव्हतं. बालवाडीत बाईंनी विचारलं, तुझे अप्पा कुठे असतात, तर म्हणाली, शाळेत. तेनमोळीचा नवरा मुगिलन खरंच एका शाळेत चित्रकला शिकवायचा. आणि अम्मा? तर म्हणाली, पंपाकडे. बाईंना इतकं हसू आलं की त्यांनी ते सुटीत सगळ्या आयांना सांगितलं, आणि तेनमोळी त्या संध्याकाळी स्कूटरवरून घरी येताना हेल्मेटच्या आत रडली. बालवाडीतला नाच तिचा हुकला होता, का तर प्रिंटर. वाढदिवसाचा केक तिच्याशिवाय कापला गेला, का तर कॅमेरे. आदल्या रात्री याळिनीनं उजव्या हाताचं बोट आईच्या नाकाला टेकवून बजावलं होतं, "हे बोट मी तुलाच देणार. अप्पाला नाही, पुजारीमामाला नाही." तेनमोळीनं कबूल केलं होतं. आता हेही हुकलं तर पोरीला तोंड कसं दाखवायचं, हा तिचा घोर होता.

तिनं बेत मात्र चोख केला होता. साडेनऊच्या ठोक्याला अय्यांनी बटण दाबलं, बिल निघालं, की स्कूटर काढायची आणि पाव तासात सिद्धापुदूरच्या देवळात पोचायचं. मुगिलन लेकीला घेऊन आधीच रांगेत उभा होता. बेतात खोट काहीच नव्हती.

साडेनऊला अय्या वडिलांच्या वेळच्या टेबलाशी पूर्वेला तोंड करून बसले. पांढरीशुभ्र वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं नेसलेलं धोतर, कपाळावर भस्माचे पट्टे, बोटांना अजून कालच्या चंदनाचा पिवळेपणा. मागे सगळे कामगार नवे कपडे घालून उभे. अय्यांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं आणि बटण दाबलं. पडद्यावरचं चक्र फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं.

"तेनमोळी," अय्या मान न वळवता म्हणाले, "पोरी, तुझी काळी पेटी आज बोलत नाही." सर्व्हरला ते काळी पेटीच म्हणायचे.

"बोलेल अय्या. काल सगळं बंद केलं होतं ना, एखादी वायर सैल राहिली असेल. दोन मिनिटं द्या."

"मी तेव्हाच म्हणालो होतो," मागून हिशेबनीस नाचिमुत्तु बोलले. नाचिमुत्तु हे या कारखान्यात अय्यांइतकेच जुने, आणि वाईट बातमी सगळ्यांच्या आधी आपल्याला कळली होती असं त्यांना नेहमी वाटायचं. "काल दृष्ट काढायचा कोहळा एका फटक्यात फुटला नाही. तीन वेळा आपटावा लागला."

"कोहळ्याचा आणि बिलाचा काय संबंध?"

"ते तू मला विचारतेस? तू शिकलेली."

तेनमोळी कोठीत आली. कोठीत दिवाळीसारखी सजावट होती. सर्व्हरला झेंडूची माळ, माथ्यावर लिंबू, पुढे सरस्वतीची मोठी तसबीर भिंतीला टेकवून ठेवलेली, तिच्यासमोर केळीच्या पानावर फळं आणि पितळी ताटात तांदळाची रास. वर भिंतीवरच्या कपाटात तो स्विच, म्हणजे ज्या डब्यात कारखान्यातल्या सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी येऊन मिळतात तो. त्यालाही चंदनाचा टिळा. कालच्या दिवसात अय्यांनी दाराच्या कडीलासुद्धा सोडलं नव्हतं.

तिनं सर्व्हरचा स्वतःचा पडदा लावून पाहिला. पेटी ठणठणीत. सगळी बिलं जागच्या जागी, सगळी नावं जागच्या जागी. मग बाहेरच्या टेबलावरून पेटीला हाक का पोचत नाही? तिनं वाकून सर्व्हरच्या पाठीमागे बघितलं आणि कपाळाला हात लावला. जिथं वायर बसते त्या खाचेच्या अगदी तोंडाशी चंदन. ओलं लागलेलं, आता वाळून कडक झालेलं.

"सापडलं," ती ओरडून म्हणाली, "देवाचं चंदन पोटात गेलंय."

तिनं केसातली पिन काढली, खाच टोकरून साफ केली, फुंकर मारली, वायर काढून नवी बसवली. बाहेर अय्यांनी बटण दाबलं. चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं.

"कोहळा," नाचिमुत्तु म्हणाले.

तेवढ्यात मुगिलनचा फोन आला. मागे नुसता कालवा, घंटा, पोरांची रडारड. "रांग भराभर सरकतेय. निघालीस ना?"

"निघतेच. एक वायर आहे फक्त."

"ती वायर मला गेल्या वर्षीपासून माहीत आहे," मुगिलन म्हणाला, पण चिडून नाही. त्याचा स्वभावच गरीब होता आणि त्याचंच तेनमोळीला जास्त वाईट वाटायचं.

तिनं दुसरा उपाय केला. स्विचची पिन काढली, दहा मोजले, परत लावली. त्याचे दिवे एकेक करून लागले, आणि बाहेरून एकदम गलका झाला, "आलं, आलं." ती धावत बाहेर आली. अय्यांच्या पडद्यावर बिलाचा कोरा नमुना उघडला होता. पोळ्ळाचीच्या गिऱ्हाइकाचं नाव अय्यांनी एका बोटानं शोधून शोधून टाइप केलं, अर्धं झालं, आणि पडदा पुन्हा थिजला. गलका आपोआप ओसरला.

आता ही गोष्ट तेनमोळीच्या ओळखीची नव्हती. वायर तुटली तर तुटली, मग मुळीच लागणार नाही. इथे लागत होतं आणि मग कुणीतरी गळा दाबल्यासारखं बंद पडत होतं. तिनं पिंग करून पाहिलं. पिंग म्हणजे पेटीला नुसतं 'आहेस का' विचारायचं आणि 'आहे' ऐकायचं. चार हाका मारल्या, एकीलाच उत्तर आलं, तेही फार उशिरा. घड्याळ पुढे चाललं होतं.

"अय्या, एक सुचवू का? बिल सर्व्हरवरच काढू या. कोठीत. तिथं सगळं नीट चालू आहे. छापायला प्रिंटर तेवढा सरळ पेटीला जोडून देते."

अय्या उठले, कोठीच्या दारापर्यंत गेले, आत बघितलं, आणि जागीच थांबले. "हा पडदा बघायचा तर माणसाचं तोंड कुठे होतं?"

तेनमोळीला उत्तर माहीत होतं. तिनं उगाच विचार केल्यासारखं केलं. "दक्षिणेला, अय्या."

"दक्षिणेकडे तोंड करून पहिलं बिल? माझ्या वडिलांनी दक्षिणेला तोंड करून कधी चहासुद्धा प्यायला नाही."

"पेटी फिरवू का?"

"कालच पूजा झालीय तिची. आज उचलायची नाही."

मागे नाचिमुत्तु इतक्या जोरात मान हलवत होते की त्यांचा चष्मा घसरला. तेनमोळीनं हात टेकले. या माणसांशी वाद घालण्यात वेळ जाण्यापेक्षा दोष शोधलेला बरा होता.

अय्यांचा पारा मात्र आता चढायला लागला. चांगली वेळ हातातून चालली होती, ट्रकचा ड्रायव्हर दर दोन मिनिटांनी आत डोकावत होता, आणि मागे उभे कामगार नव्या कपड्यांत घामाघूम होऊन चुळबुळत होते. "काल पूजेसाठी बंद करेपर्यंत सगळं चालत होतं," अय्या गरजले. "म्हणजे कुणीतरी हात लावलाय. माझी पूजा झाल्यावर कुणीतरी कोठीत जाऊन वायरींशी खेळलंय. सांगून ठेवतो, तो कुणीही असो, त्याला मी मरुदनच्या स्टुलावर गेटवर बसवतो. आल्यागेल्याला सलाम ठोकत."

गेटवरचा मरुदन हे ऐकून खूश झाला. तेवढंच आपल्याला उठायला मिळेल.

कामगार एकमेकांकडे बघायला लागले. कुणी म्हणालं मांजर असेल, कुणी म्हणालं उंदीर. एकानं दबक्या आवाजात एजन्सीच्या पोराचं नाव घेतलं, तो हजर नव्हता म्हणून. तेनमोळीनं फोन बाजूला ठेवायला हातात घेतला आणि तो वाजलाच.

"आमचा नंबर आला आणि गेला," मुगिलन म्हणाला. आता त्याचा आवाज थकलेला होता. "पुजाऱ्यानं मांडीवर घेतलं, तर हिनं मूठ आवळली ती आवळलीच. बोट बाहेर काढेना. म्हणते, हे बोट अम्माचं आहे. पुजारी हसले, म्हणाले बाळाची आई येऊ द्या, आणि पुढच्या पोराला घेतलं. आता परत मागून रांग लावावी लागेल. तेनू, राहुकाळाच्या आत पुन्हा नंबर लागत नाही, मी रांग बघतोय."

"रडतेय का?"

"नाही. मूठ आवळून बसलीय."

तेनमोळीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तीन वर्षांची पोर शब्दाला जागली होती आणि आई इथं वायरी मोजत बसली होती. तिला वाटलं, अस्संच्या अस्सं सगळं टाकून जावं, उद्या काय व्हायचं ते होवो. पण जाऊन तरी काय, नंबर तर गेलाच होता. तिनं नाक पुसलं, पदर खोचला आणि भिंतीवरच्या कपाटापुढे स्टूल ओढून त्यावर चढली. आता अंदाज करत बसायचं नाही, तिनं ठरवलं. आता सगळं उपटायचं.

तिनं स्विचमधल्या झाडून सगळ्या वायरी काढल्या. दिवे विझले. मग सर्व्हरची एक आणि अय्यांच्या टेबलाची एक, अशा दोनच लावल्या. पिंग केलं. उत्तर आलं, झटपट, एकामागून एक, न चुकता.

"नाचिमुत्तु अण्णा," तिनं हाक मारली, "तुम्ही त्या पडद्याकडे बघत राहा. ओळी पळताहेत तोवर काही बोलू नका. थांबल्या की सांगा."

"म्हणजे वाईट झालं की सांगायचं."

"तेच. तुम्हाला जमेल ते."

नाचिमुत्तु खुर्ची ओढून बसले. तिनं एकेक वायर परत लावायला सुरुवात केली. हिशेबखातं, ओळी पळताहेत. स्टोअर, पळताहेत. प्रिंटर, पळताहेत. कॅमेरे, पळताहेत. घाईत न बघता लावलेली एक करडी, पळताहेत. मग अजून एक करडी वायर लावली आणि स्विचचे सगळे दिवे एकाच वेळी वेड लागल्यासारखे फडफडायला लागले.

"थांबल्या," नाचिमुत्तु आनंदानं म्हणाले.

तिनं ती करडी वायर उपटली. दिवे शांत झाले, ओळी पळायला लागल्या. लावली, थांबल्या. काढली, पळाल्या. तेनमोळी स्टुलावर उभी राहून मोठ्यानं हसली. चोर सापडला होता. आता फक्त तो कुठल्या टेबलाचा ते बघायचं होतं.

ती खाली उतरली आणि वायर हातात धरून तिच्यामागे निघाली. वायर भिंतीवरून खाली आली, सर्व्हरच्या टेबलामागून गेली, सरस्वतीच्या तसबिरीमागे शिरली. तेनमोळीनं देवीला नमस्कार करून तसबीर जरा सरकवली. वायर पलीकडून बाहेर आली, सजावटीला उभ्या केलेल्या केळीच्या खुंटाला वळसा घातला, आणि पुन्हा भिंतीवर चढायला लागली. तेनमोळी परत स्टुलावर चढली. वायर वर, अजून वर, आणि थेट त्याच स्विचमध्ये घुसलेली. वायरीचा माग काढता काढता बाई फिरून स्वतःच्याच नाकासमोर आली होती.

मग तिला सगळं उमगलं. पॅकिंगमध्ये नवं टेबल यायचं होतं, त्यासाठी तिनंच ही जादा वायर ओढून ठेवली होती. एक टोक स्विचमध्ये, दुसरं टोक टेबल येईपर्यंत खाली लोंबत. काल कुणीतरी ते लोंबतं टोक उचलून समोर दिसलेल्या रिकाम्या खाचेत बसवून टाकलं होतं. आणि एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच डब्यात गेली की निरोप बाहेर पडतो तो परत आतच येतो, एकाचे दोन, दोनाचे चार, लग्नघरातल्या चुगलीसारखे फिरतच राहतात. त्या गर्दीत बिचाऱ्या पेटीला अय्यांची हाक ऐकू येणार कशी?

तिनं ते दुसरं टोकही उपटलं आणि हातात घेऊन बघितलं. टोकाच्या प्लॅस्टिकवर चंदनाचा टिळा होता. छान गोल, अंगठ्यानं लावलेला, मध्ये कुंकवाचा ठिपका.

तेनमोळीनं पटकन मूठ मिटली.

कोठीच्या दारात अय्या उभे होते. मागे नाचिमुत्तु, त्यांच्या मागे निम्मा कारखाना. "सापडलं?"

"सापडलं, अय्या. चला, बिल काढा. वेळ आहे अजून."

"कुणी केलं?"

"कुणी नाही. आपोआप झालं."

"वायर आपोआप भोकात जाते का?"

"कधी कधी जाते. वाऱ्यानं."

"या कोठीला खिडकी नाही," नाचिमुत्तु म्हणाले. त्यांना गप्प बसवेल असा माणूस अजून जन्माला यायचा होता.

"मूठ उघड," अय्या म्हणाले.

तेनमोळीनं उघडली नाही. म्हातारा माणूस, सणाचा दिवस, सगळी माणसं समोर, आणि मघाशी दिलेली ती धमकी. अय्या दोन पावलं पुढे आले, तिच्या मुठीतून बाहेर डोकावणारी वायर त्यांनी धरली आणि हलकेच ओढली. टोक बाहेर आलं. अय्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, मग स्वतःच्या अंगठ्याजवळ नेलं.

"हा तर माझा टिळा," अय्या म्हणाले.

त्यांनी अंगठा टिळ्यावर टेकवून पाहिला, नेमका बसला.

"ही इथं खाली लोंबत होती," अय्या सावकाश म्हणाले, आठवत आठवत. "देवीच्या अगदी डोक्याशी. मला वाटलं, सगळं नीटनेटकं केलंय आणि ही एकटीच का वाऱ्यावर? सगळ्या वायरींना घर आहे, हिलाच नाही. म्हणून टिळा लावला आणि दिली बसवून. वर डब्यात एक भोक मोकळं होतं." ते थांबले. "बसताना टक् असा आवाज आला. मला इतकं बरं वाटलं."

आधी नाचिमुत्तुंच्या नाकातून आवाज फुटला, मग दारातल्या दोघांच्या, आणि मग सगळा कारखाना खदखदून हसायला लागला. अय्याही हसले. पोट धरून हसले, डोळे पुसत हसले, आणि हसता हसताच त्यांचं लक्ष तेनमोळीकडे गेलं. ती एकटी हसत नव्हती. ती फोनच्या घड्याळाकडे बघत होती.

"काय झालं गं? तुझं काम तर फत्ते झालं."

"काही नाही, अय्या. तुम्ही बिल काढा."

"तिच्या लेकीचं अक्षर होतं आज," नाचिमुत्तु म्हणाले. "देवळात. पोरीनं मूठ आवळली, आईशिवाय बोटच दिलं नाही, नंबर गेला. फोनवर नवरा सांगत होता, मला ऐकू येतं." वाईट बातमी सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच पडलेला होता.

अय्यांनी तेनमोळीकडे बघितलं, मग तिच्या अजून अर्धवट मिटलेल्या मुठीकडे. "मूठ आवळायला कुणाकडून शिकली ती कळलं," ते म्हणाले. "नवऱ्याला फोन लाव. म्हणावं, पोरीला घेऊन इकडे या. देवळातली सरस्वती आणि ही काय सावत्र बहिणी आहेत? तांदूळ आहेत, ताट आहे, पूजा कालच झालीय."

"अय्या, बिलाची वेळ..."

"ज्या हातानं घोळ घातला त्या हातानं बिल नंतर. आधी पोरीचं अक्षर." आणि नाचिमुत्तु तोंड उघडणार एवढ्यात, "तुम्ही कोहळ्याचं नाव काढाल तर बघा."

तेनमोळीनं फोन लावला. अय्यांचा निरोप तिनं एका दमात सांगितला. बाहेर रस्त्यांवर सगळीकडे फुटलेल्या कोहळ्यांचा चिखल झालेला, बाइक घसरायची धास्ती. "सावकाश ये," ती म्हणाली, आणि लगेच, "पण लवकर ये."

ती गेटकडे धावली आणि बघते तर मरुदन उभा, हात पाठीमागे बांधून, भलताच अवघडलेला. त्याच्या स्टुलावर अय्या बसले होते. पांढरीशुभ्र वेष्टी, भस्माचे पट्टे, हातात मरुदनची काठी.

"बोललो तर बोललो," अय्या म्हणाले. ट्रकच्या ड्रायव्हरनं जाता जाता त्यांना बघितलं आणि गोंधळून दोन्ही हातांनी नमस्कार केला. अय्यांनी त्याला कडक सलाम ठोकला.

मुगिलनची बाइक कोपऱ्यावरून वळली तेव्हा राहुकाळ लागायला थोडासाच वेळ उरला होता. याळिनी पुढे टाकीवर बसलेली, जरीचा परकर, वेणीत मोगरा, आणि उजव्या हाताची मूठ अजून गच्च. अय्या स्टुलावरून उठले, त्यांनी तिलाही सलाम ठोकला आणि स्वतः गेट उघडलं. याळिनीनं या भस्मवाल्या वॉचमनकडे जरा संशयानं पाहिलं.

कोठीत तांदळाचं ताट तयार होतं. तेनमोळी मांडी घालून बसली आणि लेक येऊन तिच्या मांडीत बसली. रिवाजाप्रमाणे घरातल्या वडीलधाऱ्यानं बोट धरायचं. अय्या वाकले, हात पुढे केला.

"हे अम्माचं आहे," याळिनी म्हणाली.

"बरोबर आहे," अय्यांनी हात मागे घेतला. "मी हात लावला की काय होतं ते आज बघितलंय सगळ्यांनी. मी ताट धरतो."

ते खरंच खाली बसले आणि ताट हलू नये म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी धरलं. याळिनीनं मूठ उघडली. बोट घामानं ओलं झालं होतं, आवळून आवळून लाल झालं होतं. तेनमोळीनं ते आपल्या हातात घेतलं आणि तांदळात फिरवलं. तमिळ 'अ'चा आधी वरचा गोल, मग खालचं वळण, मग बाजूची दांडी. 'अ' झाला. थोडा वाकडा. मुगिलन दारात उभा होता, त्यानं फोटो काढायला फोन वर धरला आणि बटण दाबायचंच विसरला.

त्यानंतर अय्या तरातरा बाहेर गेले, पूर्वेला तोंड करून बसले, बटण दाबलं, आणि पोळ्ळाचीचं बिल प्रिंटरमधून सरसरत बाहेर आलं. राहुकाळ अजून दारातच होता. ट्रक सुटला, चुरमुरे वाटले गेले, नाचिमुत्तुंनी दोन वेळा घेतले.

तेनमोळी त्या जादा वायरीची गुंडाळी करत होती. तेवढ्यात अय्या आत आले. त्यांच्या हातात पॅकिंगमधली पांढरी चिकटपट्टी आणि एक जाड पेन होतं. त्यांनी वायरीचं लोंबतं टोक हातात घेतलं, त्यावर पट्टीचा तुकडा गुंडाळला, आणि उरलेली मोकळी बाजू याळिनीपुढे धरली.

"बाळा, इथे काढ. काय शिकलीस ते. म्हणजे या म्हाताऱ्याला कळेल की याला हात लावायचा नाही."

या वेळी कुणी बोट धरलं नाही. याळिनीनं जीभ बाहेर काढून, पेन मुठीत धरून, एकटीनं काढलं. गोल फुगला, वळण चुकलं, दांडी पट्टीच्या बाहेर गेली. पण 'अ' होता. कुणालाही वाचता आला असता.

पॅकिंगचं नवं टेबल पुढे काही दिवसांनी आलं. ती वायर त्याला लागली, काळी पेटी रोज बोलते आहे, आणि टोकावरची पट्टी अजून तशीच आहे. बालवाडी उघडली तेव्हा बाईंनी सगळ्या मुलांना पुन्हा विचारलं, सुट्टीत काय केलं, घरी कोण कोण असतं. याळिनीची पाळी आली. अम्मा कुठे असते?

"माझ्या 'अ'पाशी," याळिनी म्हणाली.